आठ वर्षं पडीक पडलेल्या खळ्यात भाजीपाला लावायचा, तर तण काढायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमळनेर तालुक्यात गावालगत तुमच्या सासरचं २० गुंठ्यांचं खळं आहे आणि सात-आठ वर्षांत तिथे कुणी विळासुद्धा घातलेला नाही. छातीएवढं गाजरगवत वाळून उभं आहे, कडेने वेड्या बाभळी माजल्या आहेत, खाली हरळी पसरली आहे आणि कोपऱ्यात एक जुनी विहीर आहे. येत्या पावसाळ्यात घरापुरता भाजीपाला आणि आठ-दहा फळझाडं लावायची आहेत. जेसीबी फिरवून रोटाव्हेटर मारावा, की तणनाशक फवारावं, की गावातले म्हणतात तसं सरळ पेटवून द्यावं?

रोटाव्हेटर तर अजिबात नको. जेसीबी फक्त बाभळींपुरता. तणनाशक आत्ता फवारलं तर पैसे वाया जातील. आणि पेटवू नका.

वीस गुंठे म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. तुम्ही घाबरलात ते गाजरगवताच्या उंचीला. खरं तर तेच सगळ्यांत सोपं आहे, कारण ते बियांवर जगतं. उपटलं की तेवढं झाड संपलं. पायाखाली दिसतही नाही ती हरळी आणि तिच्याहून बेरकी लव्हाळा, हे दोघं तुमचे दोन पावसाळे खाणार. म्हणून मजूर सांगायच्या आधी एक काम करा. कुदळ घेऊन खळ्यात आठ-दहा ठिकाणी दीड-दोन फूट खोल खड्डे घ्या आणि काय निघतं ते बघा.

पांढऱ्या, पेरापेरांच्या, सुतळीएवढ्या मुळ्या वरच्या अर्ध्या-पाऊण फुटात गुंतलेल्या दिसल्या, तर ती हरळी. काळ्या-तपकिरी, वासाच्या, हरभऱ्यापासून बोराएवढ्या गाठी बारीक दोऱ्याने माळेतल्या मण्यांसारख्या जोडलेल्या निघाल्या, तर लव्हाळा. तुमच्याकडे तो विहिरीच्या बाजूला, पाणी मुरतं तिथे असण्याची शक्यता जास्त. बोटाएवढ्या जाड, टोकदार कोंबाच्या मुळ्या खड्ड्याच्या तळाशीही संपत नसतील, तर कुंदा. तापी, बोरी, गिरणा, पांझरेच्या काठच्या भारी काळ्या जमिनींना कुंद्याचं दुखणं जुनंच आहे. तिन्हींपैकी काहीच निघालं नाही, तर तुमचं काम निम्म्याने कमी झालं.

हे आधी का बघायचं, तर बियांचं तण आणि मुळांचं तण यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. बियांच्या तणाला ओल देऊन उगवायला लावायचं आणि कोवळं असतानाच मारायचं. मुळांच्या तणाला कोरड्यात उघडं पाडून वाळवायचं. रोटाव्हेटर दोन्हीकडे नडतो. हरळीच्या मुळीचे तो शेकडो तुकडे करतो, आणि ज्या तुकड्यावर डोळा आहे तो प्रत्येक तुकडा पहिल्या पावसात नवं झाड होतो. लव्हाळ्याच्या माळा तोडून गाठी सगळ्या खळ्यात वाटून देतो. मारल्यावर आठ-पंधरा दिवस जमीन इतकी सुंदर भुसभुशीत दिसते की माणूस खूश होतो. मग मृगाचा पाऊस पडतो आणि हिरवळ एकसारखी दाट येते.

आता होळी झाली आहे, आखाजीला (अक्षय तृतीयेला) दीडएक महिना आहे. वेळ अगदी बरोबर आहे. आपल्याकडचं ऊन बाकी कशाला गोड लागत नाही, पण या कामाला त्याच्यासारखा मजूर नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तो फुकट कशाला घालवायचा?

पहिली छाटणी. ब्रश कटर भाड्याने मिळतो. नाहीतर विळे घेऊन दोन-तीन माणसं लावा. पण आत शिरण्याआधी विहिरीच्या चारी बाजूंना बांबू रोवून लाल फडकं बांधा. वाळल्या गवतात कठडा दिसत नाही आणि ट्रॅक्टरवाल्याला तर नाहीच नाही. गमबूट, पूर्ण बाह्या, जाड हातमोजे. पडीक खळ्यात नाग, घोणस, फुरसं यांची सोय उत्तम असते, विशेषतः जुन्या विटा, पराट्यांचे ढीग आणि पत्र्यांखाली. एका टोकापासून दुसरीकडे सरकत कापत जा, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. चारी बाजूंनी कापत मधोमध आलात, तर ते शेवटच्या गवतात कोंडतं. ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने उलथायचा.

गाजरगवत वाळलेलं असलं तरी त्याची धूळ अंगाला लागली की खाज, चट्टे आणि कुणाकुणाला दमा उठतो. नाका-तोंडाला रुमाल बांधा, आणि घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर त्यांना या कामापासून लांबच ठेवा. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं ते १९५५ च्या सुमारास, आणि आज रस्त्याकडेला दुसरं काही उगवायला जागा उरलेली नाही. एक झाड दहा हजारांवर बी टाकू शकतं. तुमच्या खळ्यात ते बी केव्हाच पडून गेलं आहे, म्हणून आत्ता कापलेली वाळकी झाडं उकिरड्यात टाकू नका. एका कोपऱ्यात कडक जमिनीवर रचून ठेवा. पावसात त्या ढिगाभोवती जे उगवेल ते फुलाआधी उपटून टाका. फुलावर न आलेलं हिरवं गाजरगवत मात्र खुशाल खतात जाऊ द्या, त्याचं खत चांगलं होतं.

पेटवून का नाही, तर आगीत वरचं काड जळतं, मुळाला चटका बसत नाही आणि मातीत शिरलेलं बीही बहुतेक शाबूत राहतं. वर गावालगतची जागा, शेजारच्या खळ्यात कडबा रचलेला, आणि चैत्रातला वारा. एक ठिणगी उडाली तर तणापेक्षा मोठं प्रकरण होईल.

वेड्या बाभळी जमिनीबरोबर कापल्या तर त्या दुप्पट फांद्यांनी फुटतात. खोडाच्या बुडाशी मातीखाली जो जाड गड्डा असतो तिथून फूट येते. तो वीतभर ते हातभर खोल जाऊन मुळासकट निघाला पाहिजे. इथे जेसीबीला बोलवा; बकेटने बुंधे उपसून घ्या आणि तिथेच त्याला निरोप द्या. ‘ताई, आलोच आहे तर सपाट करून देतो’ असं तो म्हणेलच. नको म्हणा. वरची सात-आठ वर्षांची पालापाचोळ्याची माती तो एका बाजूला सारेल आणि खालचा पांढरा चुनखडीचा थर तुमच्या वाफ्यात आणेल. शेंगा पिकून गळायच्या आत बाभळी काढा. शेळ्या-गुरं त्या आवडीने खातात आणि बी लेंड्या-शेणातून गावभर पेरतात. फांद्या जळणाला द्या. काटा ट्रॅक्टरचं टायरही सोडत नाही, म्हणून नांगराच्या आधी खाली पडलेले काटे दंताळ्याने ओढून घ्या. मध्ये चिंच, जांभूळ, अंजन असं एखादं जुनं झाड असेल तर ते मुळीच तोडू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत, परवानगी लागते. आणि चिंचेची सावली पुढे तुम्हालाच लागेल.

मग नांगरट. पलटी नांगराने नऊ ते बारा इंच, आणि जमीन कोरडी असताना. काळी माती आत्ता कडक आहे, मोठमोठी ढेकळं निघतील, बघून जीव दडपेल. तीच हवी आहेत. हरळीच्या मुळ्या त्या ढेकळांत अडकून वर येतात आणि ढेकूळ तापलं की आतल्या आत वाळतात. लगेच दुसरी पाळी मारून ढेकळं फोडली, तर मुळ्या पुन्हा मातीत दडतात. महिना-दीड महिना हातही लावू नका. आखाजीनंतर दहा-पंधरा दिवसांनी पंजी (ट्रॅक्टरमागचं दात्यांचं अवजार) आडवी मारा, मुळ्या उघड्या पडतील, आणि चार बायका लावून दंताळ्याने, हाताने वेचून घ्या. या वेचणीत कंजुषी करू नका; सगळ्या कामात मजुरीचे पैसे सार्थकी लागतात ते इथे. वेचलेल्या मुळ्या बांधावर फेकायच्या नाहीत, बांधावरूनच हरळी परत येते. जुन्या पत्र्यावर किंवा ओट्यावर पसरून मे महिनाभर वाळवा. मध्ये एखादा वळवाचा पाऊस पडला तर वैतागू नका. कुठे कोंब फुटले ते बघा; जिथे हिरवं दिसेल तिथे जिवंत मुळी राहिली आहे. ती जागा कुदळीने उकरायची.

कुंदा असेल तर नांगर पुरत नाही, कारण तो नांगराच्या खाली जातो. पूर्वी कुंदा खणायला माणसं वेगळी लावत, ते उगाच नाही. तुमच्या जागेत तो गुंठा-दोन गुंठ्यांतच असेल, तेवढा टिकाव घेऊन खणूनच काढा.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. उन्हात वर आलेल्या गाठी वाळून मरतात, हे खरं. पण खाली राहिलेल्या मरत नाहीत, आणि एका गाठीवर अनेक डोळे असतात. एक कोंब खुडला की दुसरा निघतो. प्लास्टिक मल्चिंग पेपर तर तो टोचून आरपार येतो. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत तज्ज्ञांनी त्याला पहिला नंबर दिला आहे, तेव्हा तुमचं काही चुकतंय असं वाटून घेऊ नका. त्याचं एकच वर्म आहे, सावली त्याला सोसत नाही. दुसरी गोष्ट, नव्या कोंबाला साधारण महिन्याभरात नव्या गाठी धरायला लागतात. म्हणून लव्हाळ्याच्या जागेत दर पंधरा-वीस दिवसांनी खुरपं, तेही नेमाने, आणि वर दाट पिकाची सावली. असा पावसाळा गेला की गाठीतला साठा आटत जातो. लव्हाळा निघालेला तुकडा नांगरू नका आणि तिथली माती दुसरीकडे हलवू नका.

आता तणनाशकाचं. ग्लायफोसेट हिरव्या, वाढत्या पानातून मुळापर्यंत जातं. तुमचं तण आत्ता वाळलेलं आणि धुळीने माखलेलं आहे. औषध जाणार कुठून? गढूळ पाण्यात मिसळलं तर ते मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं, हेही कुणी सांगत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं. ‘टू-फोर-डी’ फवारायचा सल्ला कुणी दिला तर शेजारी कोणाची कपाशी आहे ते आधी बघा. त्याची वाऱ्याने गेलेली फवारसुद्धा कपाशीला लागते, पानं आकसून लांबट, बोटांसारखी होतात. पंप नीट न धुता पुढे कपाशीवर वापरला तरी तेच. भावकीत बोलणं बंद व्हायला तेवढं पुरतं. पॅराक्वाट तर घराजवळ आणूही नका, ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. मी तणनाशकाच्या विरोधात आहे असं नाही. शंभर एकरवाल्याचं गणित वेगळं असतं. वीस गुंठ्यांत, ज्यातली भाजी घरात खायची आहे, तिथे त्याची गरज पडत नाही, एवढंच. मीठ-पाणी मारा असंही कुणी सांगेल. गाजरगवत त्याने मरतं, पण ते रस्त्याकडेला. आपल्या काळ्या जमिनीत निचरा आधीच कमी, तिथे मीठ घालून वाफा कायमचा खारवून घेऊ नका.

भाजीच्या वाफ्यांसाठी वेगळं सांगतो. सगळ्या वीस गुंठ्यांत यंदा भाजी लावायचा विचार सोडा. घराकडच्या बाजूचे दोन-तीन गुंठे निवडा, जिथे लव्हाळा निघालेला नाही आणि हरळी वेचून झाली आहे. ते भुसभुशीत, सपाट करून वीतभर खोल ओल जाईल इतकं पाणी द्या आणि वर पारदर्शक पॉलिथिन पसरा, २५ ते ५० मायक्रॉनचं, म्हणजे दुकानात १०० ते २०० गेज म्हणतात ते. काळं नको, काळा कागद स्वतः तापतो, पारदर्शक माती तापवतो. कागद मातीला चिकटून बसला पाहिजे, कडा चर खणून मातीत गाडा, वाफ बाहेर पडायला नको. चार ते सहा आठवडे तसंच. ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि फुगलेलं बी लवकर मरतं, म्हणून पाण्याची काटकसर इथे करू नका. विहिरीला पाणी नसेल तर एक टँकर सांगा. कागद काढल्यावर त्या वाफ्यात दोन इंचांच्या खाली खुरपं घालायचं नाही, नाहीतर खालचं जिवंत बी वर येईल. भरिताची वांगी यंदाच हवीत असतील तर जुलै-ऑगस्टची लागण याच वाफ्यात करा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची चव हिवाळ्यातच खरी, हे तुम्हाला मी काय सांगावं.

उरलेली सतरा-अठरा गुंठे जमीन रोहिण्यांत (मेअखेरीस) वखरून तयार ठेवा आणि पेरू नका. पहिला चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत हिरवा थर येईल: तरोटा, माठ, घोळ, केना, गाजरगवत, सगळं एकदम. येऊ द्या. दोन-चार पानांवर असताना, वाफसा आला (माती चिखल नाही, पण ओलसर) की वखराची उथळ पाळी मारा. पाऊस साथ देत असेल तर आणखी एकदा तसंच. उथळ म्हणजे वखराची पास (पातं) दोन इंचांपेक्षा खोल जाता कामा नये. चिखलात वखर घालू नका. काळ्या मातीत त्याने तण मरत नाही, नुसतं जागा बदलतं. (त्यातला कोवळा तरोटा आणि घोळ भाजीला खुडून घ्या, पहिली भाजी तीच.)

दुसऱ्या पाळीनंतर लगेच ताग पेरा. एकरी २० ते २५ किलो बी सांगतात, म्हणजे तुम्हाला आठ-दहा किलो पुरेल. मी अशा जमिनीत तेरा-चौदा किलो टाका म्हणेन, कारण इथे खतापेक्षा सावली हवी आहे. पाणी साचणाऱ्या भागात तागाऐवजी धैंचा. दारी गाय-म्हैस असेल तर चाऱ्याची ज्वारी दाट पेरली तरी चालतं, ज्वारीच्या मुळांतून निघणारा रस लहान तणांना दाबतो. ताग दीड महिन्यात कंबरेच्या वर जातो, खाली ऊन पोचत नाही आणि लव्हाळा पिवळा पडायला लागतो. फुलावर येताच, साधारण ४५-५० दिवसांनी, कापून गाडा. पोळ्याच्या मागे-पुढे हे काम येईल. त्यानंतर जमीन उघडी ठेवायची नाही, एवढं मात्र पाळा. मोकळी जमीन दिसली की तण तिला झाकणार, तुम्ही झाकली नाहीत तर.

पहिल्या हिवाळ्यात कांदा, लसूण, गाजर, कोथिंबीर लावू नका. त्यांची पानं बारीक किंवा वाढ सावकाश, सावली पडत नाही, आणि निंदणी करता करता कंबर मोडते. रोपं लावून करायच्या भाज्या घ्या, टोमॅटो, कोबी, आणि वाल, हरभरा. रोपांच्या मध्ये चार-सहा बोटं जाड आच्छादन. आपल्या भागात त्याला तोटा नाही: केळीची वाळलेली पानं, गव्हाचा भुसा, सोयाबीनचं कुटार. कपाशीच्या पराट्या वापरायच्या असतील तर बारीक कुट्टी करूनच. उभे ढीग रचून ठेवले तर त्यात गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकते. उधई (वाळवी) आच्छादनाला लागेल, लागू द्या, फक्त रोपाच्या खोडापासून वीतभर लांब ठेवा. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं, बिनवासाचं घ्या. अर्धकच्च्या शेणखतातून इतकं बी येतं की तुमची उन्हाळाभराची मेहनत एका ट्रॉलीत बुडते.

फळझाडं मात्र यंदाच लावा, त्यांना थांबायचं कारण नाही. एका झाडाभोवती मीटरभर गोल स्वच्छ ठेवणं कुणालाही जमतं. आंबा, कागदी लिंबू, सीताफळ यांचे खड्डे आत्ताच घ्या, आंब्याला तीन फूट लांब-रुंद-खोल, लिंबाला दोन-अडीच फूट चालेल, आणि मेअखेरपर्यंत तापू द्या. भरताना हरळीची एकही मुळी आत जाऊ देऊ नका. लिंबाच्या आळ्यात हरळी शिरली की झाड वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं, आणि माणूस खतं घालत बसतो.

कुंपणाच्या कडेने, जिथे वखर पोचत नाही, तिथे मे महिन्यात तरोट्याचं बी फेकून ठेवा. तो दाट उगवला की गाजरगवताला जागा देत नाही. पावसाळ्यात गाजरगवताच्या पानांवर काळ्या रेघांचे पिवळट भुंगे दिसले तर कीड म्हणून मारू नका. ते मेक्सिकोहून १९८० च्या दशकात मुद्दाम आणलेले आहेत आणि गाजरगवत फस्त करणं हेच त्यांचं काम.

आणि ट्रॅक्टरवाला नांगर घेऊन येईल तेव्हा तो आधी कुणाच्या शेतातून आला ते विचारा. नांगराला, टायरला चिकटलेल्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी गावोगाव फिरतात. खळ्याच्या तोंडाशीच काठीने खरवडून, दोन बादल्या पाणी मारून मग आत घ्या. तो कुरकुर करेल, चहा द्या. खड्ड्यांत काय निघालं ते मला कळवा. कुंदा निघाला तर तो तुकडा किती मोठा आहे तेही सांगा, त्याप्रमाणे नांगराचा दिवस पुढे-मागे करता येईल.